शाळेची घंटा आणि मनूमिनचा हंगाम: घाव वेळापत्रकाने घातला की शाळेनेच?

पाणवठा (धागाकर्ता)

सुपीरियर सरोवराच्या भोवती, म्हणजे आजच्या अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन आणि मिनेसोटात आणि पलीकडे कॅनडाच्या ओंटारियोत, ओजिब्वे हे मूळ रहिवासी लोक राहतात. ते स्वतःला अनिशिनाबे म्हणवतात. 19व्या शतकाच्या शेवटापासून पुढची काही दशकं त्यांची मुलं सरकारी आणि मिशनच्या निवासी शाळांत नेली गेली. या शाळांचा विषय निघाला की मारझोड, कापलेले केस, तोंडातून काढून घेतलेली भाषा यावर बोलणं होतं. ते सगळं घडलेलं आहे. पण माझ्या मते सगळ्यांत खोल घाव शाळेच्या वेळापत्रकाने घातला. 'सप्टेंबर ते जून' हे आपल्याला इतकं साधं वाटतं की त्यावर कुणी बोलतच नाही.

ओजिब्वे वर्ष बघा. मार्च-एप्रिलमध्ये रात्री पाणी गोठतं आणि दिवसा वितळतं, तेव्हा मेपलच्या झाडांतून रस वाहतो. प्रत्येक कुटुंबाची ठरलेली मेपलराई असते, तिथे महिनाभर मुक्काम. रसात साखर दोन टक्क्यांच्या आसपास, म्हणून 40 लिटर रस आटवावा तेव्हा लिटरभर पाक मिळतो, आणखी आटवून घोटला की किलोभरही साखर होत नाही. आपल्याकडच्या गुऱ्हाळासारखीच रात्रंदिवस आगीची राखण. कळ्या फुटू लागल्या की रस कडवट होतो आणि हंगाम संपतो. मग बर्फ सुटताच विणीला आलेले मासे, जूनमध्ये स्ट्रॉबेरी, जुलैत ब्लूबेरी आणि ऑगस्टच्या अखेरीपासून सप्टेंबरभर मनूमिन, म्हणजे तळ्यात आपोआप उगवणारं धान्य. इंग्रजीत त्याला जंगली तांदूळ म्हणतात, पण त्याची जात आपल्या भातापेक्षा वेगळी. महिन्यांची नावंसुद्धा याच कामांवरून पडली आहेत. रस आटवण्याचा तो इस्किगमिझिगे-गीझिस, मनूमिन काढण्याचा तो मनूमिनिके-गीझिस. गीझिस म्हणजे चंद्र, महिना.

आता यावर सप्टेंबर ते जून ठेवून पाहा. मनूमिन गेलं, पानगळीतली मासेमारी गेली, साखर गेली, वसंतातले मासेही गेले. उरली फक्त बेरी, आणि तीही मुलाला उन्हाळ्यात घरी सोडलं तर. दूरच्या शाळांत तीन ते पाच वर्षांच्या बोलीवर मुलं घेत आणि उन्हाळ्यात शेतकामाला किंवा गोऱ्या कुटुंबांकडे घरकामाला लावत.

मनूमिनमध्ये मुलांचं काम काय, हे नीट सांगायला हवं. होडीत दोघं असतात. एक जण उभा राहून दुबेळक्याच्या लांब काठीने होडी ढकलतो. टोकाला बेळकं असल्यामुळे काठी चिखलात रुतत नाही आणि मुळं उपटली जात नाहीत. दुसरा बसून देवदाराच्या दोन हलक्या दांडक्यांनी काम करतो: एकाने ताटं होडीवर वाकवायची, दुसऱ्याने कणसावरून हलका फटका ओढायचा. पिकलेले दाणे तेवढे पडतात, कच्चे राहतात. म्हणून त्याच तळ्यात काही दिवसांनी परत जाता येतं. जोरात झोडलं की ताट मोडतं आणि पुढच्या फेरीला काही उरत नाही. मिनेसोटाच्या नियमांत आजही दांडकं 30 इंचांपेक्षा लांब आणि एका पौंडापेक्षा जड चालत नाही.

काठावर आणलेला ओला माल त्याच दिवशी पसरावा लागतो. ढीग तसाच राहिला तर आतून तापतो आणि बुरशी धरतो. वाळला की लोखंडी कढईत मंद आचेवर सतत हलवत भाजायचा. आच वाढली तर दाणा फुटतो किंवा करपतो, कमी पडली तर तूस सुटत नाही. मग जमिनीत खणलेल्या, लाकडी पट्ट्या लावलेल्या लहानशा खड्ड्यात टाकून स्वच्छ मोकासिन (मऊ चामड्याचे जोडे) घातलेल्या पायांनी तुडवायचा. इथे मुलं लागतात. मोठ्या माणसाच्या वजनाने दाण्याचा चुरा होतो. म्हणून खड्ड्याला दोन्ही बाजूंनी आडवे दांडे बांधतात, त्यांना धरून मूल आपलं वजन उचलून धरतं आणि पाय नुसते घासत, वळवत राहतं. शेवटी भूर्जसालीच्या सुपात पाखडणं. ओल्या मालाच्या निम्मंच धान्य हाती येतं, कधी त्याहूनही कमी.

म्हणजे सप्टेंबरमध्ये मूल नेलं की नुसता एक विद्यार्थी जात नव्हता, मळणीतले नेमके हवे ते पाय जात होते. चारपाच मुलं एकदम गेलेल्या घराने हंगाम कसा उरकायचा?

---

रेघोटी

सहमत नाही. तपशील पटले, त्यातून काढलेला निष्कर्ष नाही.

वेळापत्रक हे शस्त्र होतं, ते धरणारा हात दुसराच होता. 1879 मध्ये कार्लाइल ही सरकारी निवासी शाळा काढणाऱ्या प्रॅट या लष्करी अधिकाऱ्याने 1892 च्या भाषणात हेतू उघड सांगितला होता: त्याच्यातला इंडियन (म्हणजे अमेरिकेचा मूळ रहिवासी) मारा आणि माणूस वाचवा. 1891 मध्ये अमेरिकी काँग्रेसने हजेरी सक्तीची करण्याचा अधिकार दिला. 1893 मध्ये मूल न पाठवणाऱ्या घराचं शिधावाटप अडवण्याची मुभा दिली. कॅनडाने 1920 मध्ये 7 ते 15 वयाच्या मुलांना सक्ती केली. अमेरिकेच्या गृहखात्याने 2024 मध्ये काढलेल्या अहवालात अशा 417 शाळा आणि तिथे मेलेली किमान 973 मुलं मोजली आहेत. ही मुलं कॅलेंडरने मारली नाहीत.

तुमच्या मांडणीतून असा अर्थ निघतो की सप्टेंबरची सुट्टी दिली असती तर घाव टळला असता. त्याला उत्तर स्वीडनमध्ये आहे. 1913 च्या कायद्याने तिथे सामी या उत्तरेकडच्या मूळ रहिवासी लोकांसाठी भटक्या शाळा निघाल्या. रेनडिअर घेऊन हिंडणाऱ्या कुटुंबांच्या मुलांसाठी पहिली वर्षं शिक्षक कळपामागे तळावर जाई, वर्ग 'कोटा' नावाच्या तंबूवजा घरात भरे. हंगामाशी इतकं जुळणारं दुसरं काय असणार? पण मुळातलं धोरण होतं 'लॅप (बाहेरचे लोक सामींना म्हणत तो शब्द) हा लॅपच राहावा'. म्हणून शिक्षण मुद्दाम तोकडं ठेवलं, पक्क्या घरात राहणं मुलांना बिघडवतं असं मानलं, आणि जे सामी कळप पाळत नव्हते त्यांना या व्यवस्थेत धरलंच नाही. वेळापत्रक जुळलेलं होतं, अपमान तसाच होता. प्रश्न शाळा कुणाच्या ताब्यात आहे हा आहे, ती कोणत्या महिन्यात भरते हा नाही.

---

पाणवठा

स्वीडनचं उदाहरण चांगलं आहे, त्याने माझा मुद्दा मला अधिक नेमका करावा लागतोय. वेळापत्रक जुळलं की सगळं ठीक, असं मी म्हणणार नाही. पण हात शोधायचाच तर पैशाच्या वाटेनेही शोधा. 19व्या शतकाच्या अखेरीस सरकारी निवासी शाळांना मुलामागे वर्षाला 167 डॉलर मिळत. पटावर मुलं कमी झाली की पैसे कमी. त्यात अर्धा दिवस वर्ग आणि अर्धा दिवस काम ही पद्धत होती: धुलाई, शिवण, गोठा, शेत. शाळा चालत होती मुलांच्या हातांवर. तरी मूळ रहिवाशांच्या स्थितीवरच्या 1928 च्या मेरियम अहवालात जेवणाचा खर्च मुलामागे दिवसाला सरासरी 11 सेंट नोंदला आहे. सप्टेंबर म्हणजे शाळेच्या स्वतःच्या शेताचाही सुगीचा महिना. मुलाचे हात एकाच वेळी दोन सुग्यांना हवे होते, आणि ज्याच्याकडे कायदा होता त्याने ते घेतले. प्रॅटचा हेतू भाषणात होता, रोजचा नकार या हिशेबातून येत होता.

---

गाळपेर

तुम्ही दोघंही शाळेभोवती फिरताय. मूल सप्टेंबरमध्ये घरी आलं असतं तर कोणत्या तळ्यात गेलं असतं, हे आधी विचारा.

मनूमिन दरवर्षी बियांतून नव्याने उगवतं. पडलेलं बी थंड पाण्यात चिखलाखाली हिवाळा काढतं. वितभर ते कमरेएवढं, हळू वाहणारं पाणी त्याला मानवतं. जूनच्या सुमारास त्याची पानं पाण्यावर फितीसारखी तरंगतात. ही सगळ्यांत नाजूक अवस्था. मूळ अजून कच्चं असतं आणि पान तरंगतं, त्यामुळे पाणी अचानक वाढलं की पान वर ओढलं जातं आणि रोपच उपटून येतं. पाणी कायमचं खोल झालं तर ताट पृष्ठभागापर्यंत पोचतच नाही. धरणवाल्याने जूनमध्ये दारं खाली घेतली की त्या वर्षाचं पीक संपलं, आणि असं ओळीने काही वर्षं झालं की चिखलातलं बीही संपतं.

विस्कॉन्सिनमधली लाक कूर्त ओरेय ही ओजिब्वे राखीव भूमी बघा. तिच्या शेजारी हेवर्डला सरकारी निवासी शाळा 1901 ते 1934 चालली. त्याच काळात, 1923 मध्ये, वीज कंपनीने चिपेवा नदीवर विंटर धरण बांधलं. पाहक्वाहवाँग हे गाव, तिथली मनूमिनची तळी आणि थडगी पाण्याखाली गेली. उत्तरेला लेक ऑफ द वूड्स सरोवराच्या तोंडाशी, ओंटारियोतल्या केनोराजवळ, 1890 च्या दशकात नॉर्मन धरण झालं आणि त्या सरोवराच्या काठचं मनूमिनही बुडालं. मिनेसोटात 1889 च्या नेल्सन कायद्याने सामाईक जमीन वैयक्तिक तुकड्यांत वाटली, उरलेली विकायला काढली. कुटुंबाची वर्षानुवर्षांची मेपलराई एका सहीने दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर गेली म्हणा ना.

शाळेत गेलेलं मूल परत येऊ शकतं. बुडलेलं तळं येत नाही. घावांची उतरंड लावायची तर पाणी आणि जमीन आधी, शाळा नंतर.

---

पाणवठा

@गाळपेर, तारखांचा क्रम तुमच्याच प्रतिसादात आहे. हेवर्डची शाळा 1901 ची, विंटर धरण 1923 चं. पाणी चढलं तेव्हा एक पिढी आधीच शाळेतून जाऊन आली होती.

दुसरं, तळं शिल्लक असलं तरी ते वाचायला यावं लागतं. कोणतं तळं कधी पिकेल हे खोली, प्रवाह आणि त्या वर्षीच्या पावसावर ठरतं. जाणते लोक तळ्यावर जाऊन दाणा बघतात आणि मग 'आता उतरा' सांगतात. त्याआधी उतरलं तर कच्ची कणसं मोडतात. पीकही दरवर्षी सारखं नसतं. ठोकळमानाने चार वर्षांत एक भरघोस, दोन मध्यम, एक बुडीत. पाच वर्षं बाहेर राहिलेल्या मुलाने एक पूर्ण फेरा पाहिलेलाच नसतो. बुडीत वर्षी घर कशावर निभावतं, कोणत्या नातलगाच्या तळ्यावर जायचं, काय विचारून जायचं, हे त्याला कधी कळणार? दहाव्या वर्षी न शिकलेलं हे विसाव्या वर्षी दोन रविवारांत शिकता येत नाही.

---

जुनी_वही

इथे एक बाजू अजून कुणी मांडली नाही, आणि ती मांडल्याशिवाय ओजिब्वे आईबाप आपल्या बोलण्यात नुसते बळी उरतात.

शाळा हवी होती, आणि ती त्यांनी स्वतः मागितली होती. ओंटारियोत सू सेंट मरीजवळच्या गार्डन रिव्हरचे ओजिब्वे प्रमुख शिंगवाकोन्स यांनी लिहिणं-वाचणं शिकवणाऱ्या 'शिकवणीच्या विग्वाम'ची (विग्वाम म्हणजे त्यांचं झोपडीवजा घर) कल्पना धरली होती. त्यांचे पुत्र ऑगस्टीन शिंगवाक 1871 मध्ये त्यासाठी मदत मागत दक्षिण ओंटारियोत फिरले. ओजिब्वे आणि कॅनडा सरकार यांच्यातल्या 1873 च्या तिसऱ्या करारात कलमच आहे की तिथल्या लोकांना हवी असेल तेव्हा त्यांच्या राखीव भूमीवर राणीचं सरकार शाळा चालवील. राखीव भूमीवर, म्हणजे घराजवळ, आणि हवी असेल तेव्हा. या दोन्ही अटी पुढे मोडल्या गेल्या.

शिवाय विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अनेक घरांत क्षय होता, एक पालक गेलेला होता, हिवाळ्यात पोटाला नव्हतं. अशा घरांनी मूल स्वतःहून नेऊन सोडलं आणि पुढे परत मिळावं म्हणून अधीक्षकांना पत्रावर पत्रं लिहिली. त्यांच्यासाठी सप्टेंबर की मार्च हा प्रश्न दुय्यम होता. लेकरू हिवाळा काढेल का, हा पहिला.

आणि अक्षराचा उपयोग झाला. 1837 च्या करारात ओजिब्वेंनी अमेरिकेला मुलूख दिला, पण त्याच्या पाचव्या कलमात त्या मुलखावर शिकार, मासेमारी आणि मनूमिन गोळा करणं राखून ठेवलं आहे. 1983 मध्ये विस्कॉन्सिनबाबत संघीय अपील न्यायालयात आणि 1999 मध्ये मिनेसोटाच्या मिल लाक्स ओजिब्वेंच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयात हा हक्क जिवंत असल्याचं ठरलं. त्यामागे कागद वाचणारी, नियम समजणारी, वकील उभे करणारी ओजिब्वे माणसं होती. शाळा आणि हंगाम यांचं जन्मजात वैर होतं, असं चित्र नको.

---

रेघोटी

@जुनी_वही, पहिला मुद्दा मला पूर्ण मान्य. तिसऱ्याला, अक्षराच्या उपयोगाला, हरकत आहे. हक्क टिकला तो मुळात कराराच्या वेळी निरक्षर म्हणवल्या गेलेल्या प्रमुखांनी ते कलम अडून बसून घालून घेतलं म्हणून, आणि पुढे बंदी असतानाही लोक तळ्यावर जात राहिले म्हणून. निवासी शाळेने श्रेय घ्यावं असं त्यात काही नाही. अक्षर घराजवळच्या शाळेतही आलं असतं, करारात तेच तर लिहिलं होतं.

---

तिठा

बाहेरून वाचणाऱ्याची एक शंका. हिवाळ्यात तळी गोठलेली, साखरेला अजून अवकाश. मग डिसेंबर ते फेब्रुवारी शाळा आणि बाकी वर्ष मोकळं, एवढा साधा तोडगा का नव्हता?

---

पाणवठा

@तिठा, साधा वाटतो, पण हिवाळा रिकामा नव्हता. बर्फाला भोकं पाडून जाळी लावायची, सशांचे फास रोज तपासायचे, जाळी विणायची, ही कामं तर होतीच. त्याहून मोठी गोष्ट अशी की पवित्र कथा, ज्यांना ते आदिझूकान म्हणतात, त्या जमिनीवर बर्फ असेपर्यंतच सांगायच्या असतात. उन्हाळ्यात सांगत नाहीत. म्हणजे उन्हाळी सुट्टीत घरी आलेल्या मुलाला आजी हव्या तेवढ्या गोष्टी सांगेल, ही सोयच नव्हती. जूनमध्ये त्याने कितीही हट्ट केला तरी तिला नाही म्हणावं लागे. ज्या महिन्यांत ती सांगू शकत होती, त्या महिन्यांत मूल शाळेच्या लोखंडी खाटेवर असे. भाषा नुसत्या मारामुळे गेली नाही. ती ज्या रात्री मुरते त्या रात्री गेल्या.

---

रेघोटी

हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. शाळा कुणाच्या ताब्यात हे मी अजूनही पहिलं धरतो, पण 'कोणत्या महिन्यात हा प्रश्न नाही' हे वाक्य मागे घेतो.

---

कुरणवाट

आपल्याकडची एक गोष्ट इथे खरोखर जोडलेली आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला काम सुरू केलं आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. वारली मुलं दिवसभर गुरांमागे असत, शाळेत येत नसत. तेव्हा त्यांनी कुरणशाळा काढली: शिक्षकाने कुरणात जायचं आणि गुरं चरत असताना तिथेच शिकवायचं. पानं, दगड, पाखरं हेच साहित्य. मुलाचं काम हा शिक्षणातला अडथळा न मानता शिक्षणाची जागा मानली.

उलट आजची आश्रमशाळा बघा. मोहफुलं पडतात मार्च-एप्रिलमध्ये, भल्या पहाटेपासून. वेचायला लहान मुलं सगळ्यांत तरबेज, आणि परीक्षाही तेव्हाच. रजिस्टरवर 'गैरहजर', घरी मात्र वर्षाच्या रोकडीची सोय. ओजिब्वे शाळेचा धडा आपल्या दारात आहे.

---

जुनी_वही

कुरणशाळेचं उदाहरण चपखल. आश्रमशाळेबाबत जपून. आश्रमशाळेत मूल पाठवलं नाही म्हणून रेशन अडवायचा कायदा नाही, नाव बदलत नाहीत आणि वर्षानुवर्षं भेट नाकारत नाहीत. तिथल्या उणिवा खूप आहेत आणि त्या त्यांच्याच नावाने मांडाव्यात. दोन्ही एका तागडीत घातलं तर 973 मुलांचंही वजन हलकं होतं आणि आश्रमशाळेतल्या खऱ्या तक्रारीही अतिशयोक्ती वाटू लागतात. मोह आणि परीक्षा यांची टक्कर मात्र खरी आहे, ती सोडवायला वसाहतीची तुलना लागत नाही.

---

गाळपेर

ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं न खाता देवभात शोधणाऱ्या घरांना मनूमिन लगेच कळावं. न नांगरलेलं, न पेरलेलं, पाण्यात आपसूक आलेलं धान्य, आणि हंगामही जवळपास तोच.

आताच्या शाळांबद्दल. मिनेसोटातल्या लीच लेक या ओजिब्वे राखीव भूमीवरची बगोनेगीझिग शाळा 1975 पासून आहे. लाक कूर्त ओरेयला या शतकाच्या सुरुवातीपासून वाडूकोडाडिंग ही ओजिब्वे माध्यमाची शाळा चालते, तिथे साखर आणि मनूमिन अभ्यासक्रमात आहेत. हेवर्डच्या जुन्या निवासी शाळेपासून हे अंतर मैलांत मोजलं तर फार नाही.

पण असं करताना वेळापत्रकात काय अडतं, ते धागाकर्त्यासाठी लिहितो. मनूमिनची सुट्टी आधी तारीख घालून देता येत नाही. तळं उघडल्याचं जाणते लोक ऐनवेळी सांगतात, एका वाऱ्याच्या रात्रीत पिकलेले दाणे गळून जातात, पावसात झोडत नाहीत. म्हणजे सप्टेंबरमध्ये आठ-दहा दिवस तरंगते ठेवावे लागतात आणि बुडीत वर्षी ते दुसऱ्या कामाला वळवावे लागतात. होडीत एका वेळी दोघंच मावतात, म्हणून तीस मुलांचा वर्ग तळ्यात उतरत नाही. मोठी मुलं होडीत, मधली भाजणीच्या कढईपाशी, सगळ्यांत लहान खड्ड्यात तुडवायला, आणि प्रत्येक कढईमागे एक जाणतं माणूस. ते माणूस बहुतेक सत्तरीच्या पुढचं असतं, त्याच्याकडे शिक्षकाचा परवाना नसतो, आणि त्याला मानधन कोणत्या खात्यातून द्यायचं हा दरवर्षीचा प्रश्न. यातला एक दुवा निसटला की ओला माल ढिगातच तापायला लागतो.

---

पाणवठा

@गाळपेर, तरंगत्या दिवसांचं पटलं. त्यात एक भर: तळं उघडायच्या आधीचा आठवडाही मोजा. पूर्वी बायका पिकण्याआधी लिंडेन झाडाच्या सालीच्या दोऱ्यांनी ताटांचे झुबके बांधून ठेवत. त्याने पाखरांपासून आणि वाऱ्यापासून दाणा वाचे आणि कोणता पट्टा कोणत्या घराचा हेही कळे. साल उन्हाळ्याच्या सुरुवातीला काढायची, भिजवायची, सोलून वळायची. म्हणजे सप्टेंबरचा धडा जूनमध्ये सुरू होतो. नुसते दहा दिवस मोकळे ठेवून आणि दांडकी हातात देऊन मुलं तळ्यावर नेली तर त्यांना झोडणी दिसेल, पण हा पट्टा कुणाचा हे विचारायचं असतं, एवढंही कळणार नाही.